ओरखडा कुणाचा

सगळे तिला बोरवाली म्हणत आणि ती ते नाव एखाद्या किताबासारखं मिरवायची. गावामागच्या कोरड्या माळावर रानबोरीची खुरटी झुडपं होती. तिथली बोरं आणून विकण्यात तिचा जन्म गेला होता. बोरीचे काटे जोडीजोडीने येतात, एक सरळ आणि एक वाकडा. सरळ नुसता टोचतो, वाकडा मात्र धरून ठेवतो.

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तेव्हा शिंपीकाम करणारा मुलगा म्हणाला, "आई, बास आता. दिसत नाही, आणि काट्यांत कसली जातेस?"

"बोरं डोळ्यांनी तोडतात असं कुणी सांगितलं तुला? चल उद्या माझ्याबरोबर. हाताला एक जरी ओरखडा आला, तर टोपली खुंटीला. नाही आला, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"हात मी तपासणार," सून हसली. "सासू म्हणून सवलत नाही हं!"

माळावर तिचा हात फांदीखालून अलगद आत शिरे. पिकलेलं बोर अंगठा लागताच तळव्यात येई, कच्चं असेल तर ती त्याला तिथेच सोडून देई. मुलगा बघतच राहिला. नीट दिसावं म्हणून पुढे वाकला आणि त्याचा नवाकोरा सदरा अडकला. त्याने हिसका मारला, तशा आणखी चार फांद्यांनी त्याला धरलं.

"मागे ओढू नकोस गाढवा, पुढे सरक!"

त्याच्या आवाजावरून ती जवळ आली आणि चाचपत एकेक काटा सोडवू लागली. शेवटच्या काट्याला त्या बहाद्दराने पुन्हा हिसका दिलाच. फांदी उसळली आणि तिच्या मनगटावर लाल रेघ उमटली.

घरी आल्यावर सुनेने विचारायच्या आधीच तिने हात पुढे केला. "हरले. शब्द म्हणजे शब्द." टोपली तिने स्वतःच खुंटीला लावली. जीव तुटत होता, पण मान ताठ होती.

मुलाने टोपली खाली काढली. "हा ओरखडा माझा आहे. काट्यांनी नाही, मी ओरबाडलंय तिला."

सुनेने सदऱ्याच्या चिंध्या निरखल्या. "पुरावा भक्कम आहे," ती म्हणाली.

सकाळी त्याने जाड कापडाच्या बाह्या शिवून आईपुढे ठेवल्या. तिने शिवणीवरून बोटं फिरवली. "शिलाई फर्मास आहे हो," ती अभिमानाने म्हणाली, आणि बाह्या त्याच्याच हातात देऊन टोपली कमरेला लावली. "पण घाल तूच. काटे तुला धरतात."