लॅबमधलं ॲसिड आणि माझं रिन्यूअल

लॅब सांभाळणाऱ्याला किस्से साठवावे लागत नाहीत. छातीत धडधडलं की एक किस्सा झाला म्हणून समजायचं! माझं तर रोजच धडधडतं. निपाणीजवळच्या एका मराठी हायस्कूलमध्ये मी सायन्सची गेस्ट टीचर. नेमणूक एका वर्षाची, पुढं रिन्यूअल झालं तर झालं. लॅबमध्ये एखादं पोर भाजलं तर? या विचारानं मला डबा जात नाही.

*

पहिल्याच दिवशी मी आमच्या लॅबच्या शिपायांना, आप्पांना, बजावलं, “आप्पा, ॲसिड पाण्यात ओतायचं. पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही!”

आप्पांची नोकरी माझ्या वयाएवढी. त्यांनी शर्ट पुढं धरला. त्याला सात भोकं!

“ठाव हाय की मॅडम. सातदा शिकलोय.”

*

आठवीतली सन्मती. आम्लं चवीला आंबट असतात, असं मी शिकवलं. फळ्याकडून मागं वळले तर ही जीभ बाहेर काढून बोट चाटतेय! मी दोन बाकं ओलांडून धावले.

“काय चाखलंस? थुंक आधी!”

“ताक हाय, मॅडम. डब्यातलं.”

मला मात्र खुर्चीवर बसावं लागलं. पाणी तिनंच आणून दिलं.

*

त्याच आठवड्यात सन्मतीच्या आईचा फोन. “बाई, चिंचेत ॲसिड असतंय म्हटलासा व्हय? आमच्या सासूबाईंनी वर्षाची चिंच उकिरड्यावर टाकली. आता आमटीत काय घालू?”

घाबरून मी म्हटलं, “टोमॅटो घाला.”

“त्यात न्हाय न्हवं ॲसिड?”

खोटं बोलवेना, खरं सांगायची हिंमत होईना. फोन ठेवून दिला!

*

आमच्या हेडसरांना ॲसिडिटी. एकदा पोट धरून लॅबमध्ये आले. “मॅडम, ॲसिडला बेस मारतो ना? त्यातलं द्या की चमचाभर!”

आणि नजर कॉस्टिक सोड्याच्या बरणीवर! मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले. माझ्या रिन्यूअलचं पत्र हेच लिहिणार, त्यांना नाही तरी कसं म्हणू? शेवटी शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या आक्कांकडून खायचा सोडा मागवला. सरांनी तो पाण्यातून घेतला, मोठा ढेकर दिला.

“बघा, सायन्स!” असं म्हणून गेले. मी मात्र कॉस्टिक सोड्याच्या कपाटाला कुलूप घातलं.

*

आणि मग इन्स्पेक्शन. साहेब चिकोडीकडचे. त्यांची शिफारस नसेल तर माझं रिन्यूअल नाही, हे हेडसरांनी तीनदा सांगून ठेवलेलं. रात्रभर डोळा लागला नव्हता.

सकाळी साहेब गेटवर उतरले. आप्पा सामोरे गेले. दोघं कानडीत बोलू लागले, गाववाले निघाले! आप्पांनी कनवटीची चंची काढली. तंबाखू, चुना, दोघांचे अंगठे तळहातावर फिरू लागले. वर भिंतीवर ‘तंबाखूमुक्त शाळा’ असा बोर्ड. तो तपासणं साहेबांच्याच यादीत! मी डोळे मिटून घेतले.

लॅबमध्ये आल्यावर साहेब म्हणाले, “मिठाचं पाणी घ्या. लिटमसचा रंग बदलणार न्हाय. थांबा, मीच दाखवतो.”

लाल कागद चिमटीत धरून बुडवला, वर काढला. निळा!

“काय ओ मॅडम? मिठाचं पाणी बेस कसं झालं? काय कालवलंय यात?”

गेलं रिन्यूअल!

तेवढ्यात पुढच्या बाकावरून सन्मती उठली. “सर, बुडवलेलं टोक लालच हाय. तुम्ही धरलासा तितंच निळं झालंय.”

साहेबांनी कागद पाहिला. मग अंगठा पाहिला. मग दाराकडं पाहिलं. दारात आप्पा टॉवेलला चुन्याचे हात पुसत होते.

साहेबांनी उजवा हात हळूच खिशात घातला, डाव्या हातानं फाईल पुढं ओढली आणि म्हणाले,

“मॅडम, रिन्यूअलची सही कुठं करायची? पेन द्या!”