शेवटची फेरी माझी होती

माझ्या सासऱ्यांनी मला फसवलं. त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना साथ दिली. ठरलेला सौदा दोघांनी मिळून मोडला, आणि तोही मी दुकानात घसा फोडत उभा असताना. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी अप्पांबद्दल बरंच चांगलं लिहिणार आहे. वाचणाऱ्याचा गैरसमज नको.

जॉर्ज टाउनमध्ये माझं ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान आहे. साताऱ्याहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात गठ्ठे उचलायचो. आज गठ्ठे माझे आहेत. चेन्नईत खरा पाऊस हिवाळ्यात येतो, समुद्रातून वादळं घेऊन येतो, आणि ताडपत्रीवाल्याची दिवाळी तेव्हाच असते. तरी लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात वादळाचा एक दिवस मी दुकान माणसांवर सोडलं आणि अप्पांना मागे बसवून मोटारसायकलवर गेलो. असा तोट्याचा व्यवहार मी दुसऱ्या कुणासाठी केलेला नाही.

अप्पा तंजावरकडचे मराठी, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं मराठी तमिळच्या चालीवर चालतं, आणि मधूनच एखादा असा जुना शब्द येतो की माझ्या गावात कुणाला कळणार नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वादळात ते दारात उभे राहून म्हणाले, "माप्ळे, चला, एरी बघूं." माप्ळे म्हणजे जावई आणि एरी म्हणजे तलाव, एवढं मला तोवर कळत होतं. बाहेर नारळाची झाडं आडवी होत होती. मी म्हटलं, नवा जावई आहे, नाही कसं म्हणायचं?

निघण्याआधी त्यांनी माझ्या शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या. वारा लागत नाही म्हणे. मी इंग्रजी पेपर उचलला तर तो काढून घेतला. "तमिळ पेपरच उबदार. बातमी कमी, कागद जाड." हा वाद आमच्यात शेवटपर्यंत मिटला नाही.

चेंगलपट्टूच्या पुढे हमरस्ता सोडला की आतले रस्ते सुरू होतात. दोन्ही बाजूंनी चिंचेची झाडं एकमेकांना भिडलेली, त्यांच्याखाली दुपारीही संध्याकाळ. त्यातून बाहेर पडलं की एकदम उघड्यावर भातखाचरं, वाऱ्याने सगळीकडून एकाच वेळी वाकणारी, आणि बांधावर मान आत ओढून बसलेले बगळे. पाऊस समोरून येतो तेव्हा तोंडावर तांदूळ फेकून मारल्यासारखा लागतो. हेल्मेटची काच खाली केली तर दिसत नाही, वर केली तर डोळे उघडत नाहीत. मागून अप्पांचा हात खांद्यावर. उजवा खांदा दाबला की उजवीकडे वळायचं, डावा दाबला की डावीकडे, आणि कॉलर ओढली की थांबायचं. शब्दाचा उपयोगच नाही, वारा तोंडातून काढून नेतो.

तलावाच्या बांधावरचा रस्ता अरुंद, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार आणि ताडाच्या रांगा. तलाव भरला की सांडव्यावरून पाणी ओसंडतं आणि खालचा रस्ता बुडतो. तिथे अप्पा कॉलर ओढायचे. उतरून पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडायचे आणि गाडीच्या पुढे पाण्यातून चालत जायचे, पायाने डांबराची कड चाचपत, एक हात मागे धरून, लहान मुलाला रस्ता ओलांडून नेतात तसा. मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे. मी घाबरून शिव्या देत असायचो. ते पलीकडे पोचून वळायचे आणि हसायचे. मग सांडव्याच्या पांढऱ्या पाण्यासमोर उभं राहायचं. गावातले लोक लुंग्या खोचून जाळी टाकत असायचे. अप्पा एवढंच म्हणायचे, "भरली." आणि आम्ही परत फिरायचो.

गेल्या हिवाळ्याआधी डॉक्टरांनी त्यांच्या पाठीचे फोटो बघून सांगितलं, गाडीचे धक्के आता बंद. घरात बैठक बसली. अप्पा म्हणाले, "एकदा. एकदा जाईन, मग बस." ती एक फेरी माझ्याबरोबर, हे सगळ्यांसमोर ठरलं. प्रश्न राहिला वादळ किती मोठं असावं याचा. बंदरावर वादळाचा इशारा लावतात. आपण मराठीत त्याला बावटा म्हणतो, इथे पिंजरा म्हणतात, आणि त्याला नंबर असतात. मोठा नंबर, मोठं संकट.

बायको म्हणाली, "एक नंबरचा पिंजरा असेल तेव्हा जा."

"एक नंबरला पाऊस तरी असतो का? वादळ कुठेतरी लांब समुद्रात. पाच."

"पाचला लोक घरं सोडून शाळांत राहायला जातात! दोन."

"चार."

"अय्यो, मी काय ताडपत्री घ्यायला आलेय? तीन. याच्या वर एक नाही."

"तीन बरवं," अप्पा म्हणाले, आणि सौदा पक्का झाला. मी शब्दाचा माणूस आहे. बाजारात कुणालाही विचारा.

मार्गशीर्षात एका सकाळी बंदरावर तीन नंबर लागला. मी लगेच घरी फोन केला, "अप्पांना तयार ठेव, निघालोच." दुकान माणसांवर सोडून उठलो आणि त्याच क्षणी कासिमेडूचा एक बोटमालक आत शिरला. त्याला बोटी झाकायला ताडपत्र्या हव्या होत्या, दोर हवा होता, आणि तो सगळा माल एकदम उचलणार होता.

"सेटू," शेठचं तमिळ करत आणि ताडपत्री उजेडात धरून तो म्हणाला, "ही ताडपत्री की इडियाप्पमच्या शेवया पाडायची चाळण?"

आता याला उत्तर न देता जायचं? त्याच्या डोक्यावर मी ती धरली आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. तो कोरडा राहिला, पण भाव सोडेना. निघून गेला, परत आला. मी माल गुंडाळला, पुन्हा उलगडला. त्याने माझ्या खानदानाचा उद्धार केला, मी त्याच्या बोटीचा. मध्ये घरून फोन आला, "निघालात?" "निघालोच." पुन्हा आला. "निघालोच म्हणतोय ना!" तिसऱ्यांदा आलाच नाही. शेवटी सौदा मी सांगितलेल्या भावातच पटला आणि मी विजयी होऊन सैदापेठला घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती.

मोटारसायकल पत्र्याखाली उभी होती. तिच्या सायलेन्सरवर पागोळीचं पाणी पडून वाफ निघत होती. चाकांना तांबडा चिखल. व्हरांड्यातल्या दोरीवर माझा रेनकोट निथळत होता. माझा!

आत अप्पा कपाळापर्यंत शाल ओढून मिरी रसम पीत बसले होते. समोर बायको केस पुसत होती.

"कुठे गेला होतात?"

"एरी बघायला," अप्पा म्हणाले.

"चालवली कोणी?"

"पोरीनं."

मी बायकोकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी तिला स्कूटरखेरीज काही चालवताना पाहिलं नव्हतं.

"बघताय काय? कॉलेजात असताना अप्पांना मीच न्यायचे. तुम्ही आलात आणि गाडी तुमच्या हातात गेली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत?"

"माल काय आहे हे विकणाऱ्याने सांगायचं असतं!"

"अहो, सकाळपासून ते छातीवर पेपर कोंबून दारात बसले होते. उजेड संपल्यावर बांधावरून नेणार होतात? तुमचा सौदा पटेना, मग आम्ही आमचा केला."

अप्पा रसमच्या वाफेतून सांगू लागले. चिंचेचं एक झाड आडवं पडलं होतं, तिने शेतातून गाडी काढली. खालच्या रस्त्यावर पाणी आलं तेव्हा त्यांनी तिची कॉलर ओढली, पण तिने त्यांना उतरू दिलं नाही. सलवार खोचून स्वतः उतरली, पायाने कड चाचपत पुढे झाली, परत आली आणि त्यांना बसवूनच गाडी पलीकडे नेली. "बूटही बुडले नाहीत माझे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "भरली, माप्ळे. काय भरली! आता बस झालं."

आता बस. म्हणजे संपलं. म्हणजे जी एक होती ती गेली, आणि ती माझी होती.

मी रागारागात दोन वाट्या रसम प्यायलो. बायकोने तिसरी वाढली, तीही घेतली. तेव्हापासून अप्पा रोज संध्याकाळी मला गाडी पुसायला सांगतात, मी पुसतो, आणि विषय काढला की ते कान दुखत असल्याचं सांगतात. बायको म्हणते, मी कुठे शब्द दिला होता? शब्द अप्पांनी तुम्हाला दिला. अप्पा म्हणतात, गाडी कुणी चालवली? तिला विचारा. असं मला दोघांत टोलवत ठेवलंय.

अप्पांना देवनागरी नीट वाचता येत नाही. म्हणून हे सगळं मी त्यांना आणि त्यांच्या मुलीला समोरासमोर बसवून मोठ्याने वाचून दाखवणार आहे. मग विचारणार आहे: शब्द कोणी मोडला? त्या पाण्यासमोर अप्पा "भरली" म्हणाले तेव्हा त्यांच्या शेजारी मी असायला हवा होतो; ती जागा मला कोण परत देणार? दोघांपैकी एकाने तोंड उघडावं. आज मला बाजारात जायचं नाही, आणि उत्तर मिळाल्याशिवाय मी कुणालाही उठू देणार नाही.