रुळांवरचं कुंकू

आजारी माणूस निदान कण्हतो तरी. शेखर कण्हतही नव्हता, आणि साधनाच्या जिवाला तीच धास्ती लागून राहिली होती. पोरगा कामाला जात होता, डबा रिकामा आणत होता, दाढीही करत होता. पण घरी आला की हातपाय धुऊन थेट मागच्या खोलीत, आणि दाराला आतून कडी. मग दाराआडून बारीक घरघर ऐकू यायची. थांबायची. पुन्हा तीच घरघर.

त्या खोलीत शेखरची आगगाडी होती. शेखरचे वडील विलासराव गेल्यापासून घरात मायलेक दोघंच, तेव्हा खोली अडवली म्हणून कुरकुरायलाही कुणी नव्हतं. प्लायवूडच्या मोठ्या फळीवर त्याने अख्खं कासारवाडी स्टेशन उभं केलं होतं. फलाट, पादचारी पूल, सिग्नल, रुळांकडेच्या भिंती. गवत म्हणजे हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा, खडी म्हणजे चाळलेली वाळू. लहानपणी स्टेशनच्या कठड्याला लटकून गाड्या बघणारं पोर डिप्लोमा करून चाकणच्या कंपनीत टूलरूममध्ये लागलं, तिशी ओलांडली, तरी वेड काही सुटलं नाही.

शेजारच्या छबूबाई तोंडावर म्हणायच्या, "साधना, लगीन कर त्येचं. येवढा बाप्या झाला, अजून झुकझुक गाडी खेळतोय व्हय!"

"तुमचे यशवंतराव दिवसभर पत्ते कुटतात ते चालतं वाटतं?" साधना हसून परतवायची. तेव्हा हसू यायचं, कारण तेव्हा नवनाथ यायचा.

नवनाथ बीडकडचा, शेखरच्याच कंपनीत वेल्डर. रविवारी चहाच्या वेळेला हजर. रुळांचे सगळे सांधे त्यानेच सोल्डर केलेले. "काकू, कंपनीत लई मोठमोठं जोडतो, काय वाटत नाही. हितं मुंगीचे पाय जोडायचे म्हणजे घामच फुटतो बगा," म्हणायचा आणि कप पुन्हा पुढे करायचा.

गेल्या उन्हाळ्यात तो रूळ ओलांडताना गाडीखाली गेला. कंपनीची बस रुळांपलीकडे सोडायची, आणि पुलाचा वळसा नको म्हणून अर्धी वस्ती भिंतीच्या भगदाडातूनच ये-जा करायची. शेखर सोबत होता, एवढंच साधनाला ठाऊक. त्यावर तो पुढे अवाक्षर बोलला नाही. नवनाथची बायको दिपाली माहेरून अधूनमधून फोन करायची. "काकू, ते शेवटी काय बोलले? शेखरभाऊजींना विचारा ना." साधना दाराशी जाऊन विचारायची. आतून फक्त घरघर.

खंडेनवमी आली. कंपनीत मशिनींची पूजा म्हणून शेखर धुतलेला शर्ट घालून गेला. साधनाने शिलाई मशीन, विळी, स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग तिच्या मनात आलं, पोराचं खरं यंत्र तर आत आहे. त्यालाच कुणी फूल दाखवलेलं नाही, म्हणून तर घरावर हे मळभ! ती तबक घेऊन आत गेली. इंजिनाला कुंकवाचं बोट लावलं, फुलाने पाणी शिंपडलं. फळीवरच्या छोट्या भिंतीपाशी जरा मोकळी जागा दिसली, तिथे रुळांवरच चिमूट चिमूट हळदकुंकू वाहिलं, त्यावरही पाणी शिंपडलं आणि हात जोडले.

संध्याकाळी शेखर पेढ्यांचा पुडा घेऊन आला. त्याचा चेहरा खुललेला बघावा म्हणून ती त्याच्या मागोमाग खोलीत शिरली. त्याने न बघताच बटण फिरवलं. लोकल निघाली, पुलाखालून आली, आणि भिंतीपाशी आचके देत थांबली. वीज रुळांतूनच चाकांत जाते. कुंकवाचा थर मध्ये आला होता. शेखर वाकला. शिंपडलेल्या पाण्याने कुंकू विरघळून रुळांवरून वाळूत ओघळलं होतं, लालभडक.

त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो तिने त्याच्या बापाच्या वेळीही ऐकला नव्हता.

"इथे? आई, इथेच का टाकलंस?"

"पुसते रे, आत्ता पुसते!" तिने पदर लावला, तशी लाली आणखी फासली गेली. आणि मग तिला दिसलं. पलीकडच्या भिंतीला भगदाड होतं. भगदाडात नखाएवढा माणूस उभा होता. करडा शर्ट, पाठीवर सॅक. 

"नवनाथ," शेखर म्हणाला आणि मटकन खाली बसला. "मी आधीच रूळ ओलांडून अलीकडे आलो होतो. त्याच्या बाजूने लोकल जात होती, तो नीट थांबला होता गं. लोकल सरली आणि मीच हाक मारली, ये भावा, लाईन मोकळी आहे. अलीकडच्या रुळावर उलट दिशेने दुसरी गाडी येत होती, लोकलच्या आड ती त्याला दिसणारच नव्हती. मला दिसली असती. मी वळून बघितलंच नाही."

 साधनाने फळीची कड धरली. "मग हे रोज..."

"रोज दोन्ही गाड्या सोडतो. तो उभाच राहतो. अलीकडच्या बाजूला माझा माणूस मी केलाच नाही. हाक मारायला कुणी नसेल तर तो कशाला येईल?"

साधनाचा पहिला विचार आईचा होता. हे या खोलीबाहेर जाता कामा नये. दार लावून घ्यावं, कुणाला कळू देऊ नये. पण उद्या हा रूळ घासूनपुसून लख्ख करील, कडी लावील, आणि पुन्हा तीच घरघर सुरू होईल. वर्षानुवर्षं. 

"तो काय बोलला शेवटी?" तिने विचारलं.

"'आलो, राव.' हसत म्हणाला."

"दिपाली एवढंच विचारतेय रे, कधीपासून."

"पण कुणाच्या हाकेवर आला, ते कसं सांगू? शिव्या घालेल ती मला."

"घालू दे. तिलाही कुणाला तरी घालायच्या असतील." साधनाने लाल झालेली बोटं पदराला पुसली आणि मोबाईल उचलला. "मी फक्त लावून देते. बोलायचं तू."

शेखर नाही म्हणाला नाही. ती त्याच्याशेजारी फरशीवर बसली आणि दिपालीचं नाव शोधू लागली.