दुपारची कबुतरं
वेल्डरचं थोरल्या भावाशी भांडण असं नव्हतं. फक्त त्याचं बरं चाललेलं याच्या डोळ्यांत खुपायचं. गल्लीच्या अलीकडच्या गच्चीवर याची कबुतरांची ढाबळ, पलीकडच्या गच्चीवर दादाची. दादानं दार उघडलं की चादर झटकावी तसा थवा उठायचा. याची उडाली तर कागदाचे कपटे उडाल्यासारखी.

आपली तिकडच्या गर्दीत मिसळली तर तिकडेच उतरतील, या धास्तीनं वेल्डर ती दुपारी सोडायचा, दादाची आत गेल्यावर.

मग पाण्याच्या टाकीवर ससाणा येऊन बसला. सकाळी दादाचं एक, दुपारी याचं एक.

"तुझंही नेतो ना रे दादा?"

"नेतो की. त्यालाही पोट आहे."

वेल्डर जळफळला. ज्याच्या घरी रास, त्याला दानशूर व्हायला काय जातंय! दादाचं एक गेलं तर पिल्लं भर घालायची. शिवाय तिकडे डोळे ढीगभर. एकानं ससाणा पाहिला की सगळा थवा वळायचा. इकडे बघायला डोळेच उरेनात. नर गेला की मादी एकटी अंडी उबवून थकायची आणि उठून जायची. ससाण्याची भूक मात्र दोन्हीकडे सारखीच.

शेवटी दोन जोड्या राहिल्या. कोंडल्या, तर दाण्याला तोंड लावेनात.

"सकाळीच सोडा की, दादांच्यात," बायको म्हणाली. "गर्दीत जगतील तरी."

"म्हणजे फुकटात त्याच्या घशात घालू?"

"मग ससाण्याच्या घाला. तो तर काही सख्खा नाही तुमचा."

सकाळी त्यानं दात-ओठ खात दार उघडलं. चारही पाखरं थव्यात शिरली. ससाणा दगडासारखा कोसळला, थवा गर्रकन वळला, आणि दादाचं एक काळं गेलं. वेल्डरला आधी गुदगुल्या झाल्या. पण एवढ्या थव्यात एक गेल्याचा दादाला पत्ताच नव्हता.

थवा उतरला तो दादाच्या गच्चीवर. याचीही तिथंच, जन्मल्यापासून तिथलं खात असल्यासारखी दाणे टिपत. एक मादी तर चोचीत काडी धरून जागा शोधत होती.

"भाऊजी, तुमची न्यायला येताय ना?" वहिनीनं कठड्यावरून हाक मारली.

वेल्डरनं टाकीकडे पाहिलं.

"राहू द्या तिथंच," तो ओरडला. "पण हातावर दाणा देऊ नका, वहिनी. लळा लागतो त्यांना."