उन्हाळ्यात बॅटरी मरते

जूनच्या अखेरीला कुवेतच्या मिश्रिफमधल्या गल्ल्या ओस पडतात. कुणी लंडनला जातं, बाकीचे तुर्कस्तानात त्राब्झोनला, डोंगरावरचा पाऊस बघायला. मागे उरतात त्या कुंपणाच्या सावलीत उभ्या गाड्या आणि सबीकाखाला.

खालांकडे स्वतःची गाडी आता नव्हती. हिवाळ्यात त्यांनी सहकारी भांडाराच्या दारातल्या संत्र्यांच्या पेट्यांत गाडी घातली आणि पुढच्याच आठवड्यात मुलाने, जर्राहने, ती विकून टाकली.

"पेट्या रस्त्यात आल्या होत्या," खालांचं म्हणणं.

"चालत आल्या का, युम्मा?" जर्राह आईला विचारी.

"रचणाऱ्याला अक्कल नको?"

तेव्हापासून कुठे जायचं तर जर्राहचा ड्रायव्हर, आणि ड्रायव्हर हवा तर आधी सुनेला फोन. कुवेतचे रस्ते अर्धेमुर्धे असल्यापासून गाडी हाकणाऱ्या बाईला मागच्या सीटवर बसवणं म्हणजे तिच्याच स्वयंपाकघरात तिला पाहुणी करणं. खाला बसत, पण ड्रायव्हरच्या मानेकडे असं बघत की तो बिचारा सारखा कॉलर सारखी करी.

शेजारची मुनीरा बॅगा भरत होती तेव्हा खाला सहज म्हणून तिच्या दारात उभ्या राहिल्या.

"गाडीचं काय करणार गं?"

"काय करायचं, खाला? कुलूप लावायचं आणि जायचं."

"लाव बाई, लाव. मेलेल्या बॅटरीची गाडी चोरतंय कोण!"

मुनीराचे हात थांबले. मागच्या वर्षी विमानतळावरून येऊन ती झोपाळलेल्या पोरांना घेऊन अशाच एका मुक्या गाडीपाशी उभी राहिली होती. खालांनी तापत्या उन्हाचं, उभ्या गाडीचं आणि झिजत जाणाऱ्या बॅटरीचं असं काही वर्णन केलं की एखाद्या आजाऱ्याची विचारपूस चाललीय असं वाटावं. मुनीराने किल्ली काढून दिली.

"फक्त थोडा वेळ चालू करून ठेवत जा हं."

"अगं, मी काय तिला पळवून नेणार आहे?"

पहिला आठवडा खाला शब्दाला जागल्या. बॅटरीच्या टोकांवर पांढरट हिरवं साठलं होतं, ते खायचा सोडा आणि गरम पाण्याने पुसून काढलं. भल्या सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंट दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते पाहिलं. मग त्यांना एजन्सीच्या माणसाचं जुनं वाक्य आठवलं: गाडी नुसती जागेवर घुरघुरत ठेवून बॅटरी भरत नाही, फिरवावी लागते. खालांनी एजन्सीचा शब्द कधी मोडला नव्हता, कारण आजवर तो ऐकलाच नव्हता. आता ऐकायचं ठरवलं.

आधी भांडारापर्यंत, मागच्या दाराने. मग मासळीबाजारात, पापलेट बघायला. मग जहराला बहिणीकडे. सीट पुढे सरकली, खाली उशी आली, रेडिओवर मुनीराच्या पोरांच्या गाण्यांऐवजी जुनी दर्यागीतं लागली. जुलै संपता संपता बॅटरीची तब्येत इतकी नाजूक झाली की खालांना तिला घेऊन पार वफ्राच्या मळ्यांपर्यंत जावं लागलं.

वफ्राहून परततानाच इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढला. खालांनी गाडी पेट्रोलपंपाच्या सावलीत घेतली, इंजिन बंद केलं आणि झाकणाला हात न लावता निवांत काकडी खात बसल्या. सगळं निवल्यावर टॉवेल धरून झाकण फिरवलं. कूलंट खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं.

पंपावरचा माणूस बाटली घेऊन धावला. "साधं पाणी ओततो, अम्मा. घरापर्यंत जाल."

खालांनी टाकीच्या तोंडावर तळवा ठेवला. मुनीराची गाडी एजन्सीच्या देखभाल योजनेत होती. कूलंट त्यांचंच हवं, हातही त्यांचेच लागायला हवेत. नाहीतर वॉरंटीवर पाणी. पण एजन्सीत गाडी गेली की नोंद होणार, आणि नोंद झाली की बोभाटा. मग सुनेला फोन, मागची सीट आणि ड्रायव्हरची मान, जन्मभर.

त्यांनी उरलेली काकडी संपवली आणि एजन्सीला फोन लावला. गाडी उचलून नेणारा ट्रक आला. खाला त्याच्या उंच सीटवर हँडबॅग मांडीवर घेऊन अशा बसल्या की जणू ट्रकही त्यांचाच.

शुवैखच्या एजन्सीत रिफअत नावाचा गोलमटोल इजिप्शियन होता.

"पाईपला चीर गेलीय, हज्जा. योजनेत बसतं, एक फिल्सही पडणार नाही. आणखी उभी राहिली असती तर सर्व्हिसची मुदत टळली असती." मग त्याने काचेतून आत डोकावलं. "फिरते मात्र भरपूर."

"बॅटरीसाठी."

"बॅटरी आता तुमच्या नातवंडांची लग्नं बघेल."

इतक्यात एजन्सीच्या यंत्राने आपलं कर्तव्य बजावलं. त्राब्झोनच्या डोंगरावर चहा पिणाऱ्या मुनीराच्या फोनवर संदेश उमटला: भेटीबद्दल आभार, आपली गाडी इतके किलोमीटर चालली. आकडा बघून मुनीराला वाटलं, गाडी चोरीला गेली आणि चोर मोठा टापटिपीचा आहे, सर्व्हिसिंगसुद्धा करून घेतो. तिने घाबरून जर्राहला फोन केला.

जर्राह संध्याकाळी आला तो बसलाच नाही.

"वफ्राला बॅटरी भरते का, युम्मा?"

"काकड्याही छान मिळतात. देऊ?"

"उद्या गाडी आणू, की किल्ली माझ्याकडे. आणखी कुणाकुणाच्या आहेत?"

खालांनी ओढणी सारखी केली. जर्राहने तळहात पुढे केला तो मागे घेईना. शेवटी हँडबॅगेतून दोन किल्ल्या निघाल्या, एक गल्लीतल्याच एका शेजाऱ्याची. दुसरी त्याने उजेडात धरून पाहिली.

"ही माझ्या सासऱ्यांची!"

"त्यांची बॅटरी तर फारच अशक्त आहे."

दुसऱ्या दिवशी दोघं शुवैखला गेली. जर्राहच्या गाडीच्याही सर्व्हिसची पाळी होती. ती तिथे सोडायची आणि मुनीराची घेऊन यायची. येताना आपण चालवायचं, असं त्याने ठरवलंच होतं. पण रिफअतने फाटकाचा पास खालांच्या हातात ठेवला.

"ज्यांनी आणली त्यांनीच बाहेर न्यायची, साहेब. नियम आहे."

"फाटकाबाहेर अदलाबदल करू," जर्राह म्हणाला.

फाटकाबाहेर एक पाण्याचा टँकर मागे लागला, मग लगेच रिंग रोड. थांबायला जागा म्हणून नाही. जर्राहने दाराची मूठ घट्ट धरली. उजव्या पायाने तो चटई दाबत होता.

"तुझ्या पायाखाली ब्रेक नाहीये," खाला म्हणाल्या. "चटई फाटेल, मुनीराची आहे."

"पुढचा ट्रक, युम्मा!"

"दिसतोय. तुझ्यापेक्षा मोठा आहे."

मग जर्राहचं बोलणं कमी कमी होत गेलं. घरी तान्हीला दात येत होते, दोन रात्री त्याच्या डोळ्याला डोळा नव्हता. गाडी संथ, गार, एका लयीत चालली होती. जरा वेळाने खालांनी बाजूला पाहिलं तर साहेबांची मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं आणि मूठ सुटलेली.

मिश्रिफचा फाटा आला. वळलं की घर, आणि घर म्हणजे किल्ली द्यायची. खालांनी रेडिओ अगदी बारीक केला, गार हवेची झडप त्याच्या चेहऱ्यावरून हलवली आणि फाटा जाऊ दिला.

जर्राहला जाग आली तेव्हा उजेड खूप होता, आणि डावीकडे समुद्र. त्याने रस्ता पाहिला, वेगाच्या काट्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. खाला समोर बघत होत्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर, शाळेतल्या मुलीसारख्या.

सीट आणखी मागे झुकवून त्याने पुन्हा डोळे मिटले.

"घर आलं की उठव."

घर यायला बराच वेळ लागला. अंगणात उतरताना जर्राहने खिशातून कालच्या दोन्ही किल्ल्या काढल्या. एक आईच्या मांडीवर ठेवली, दुसरी परत खिशात टाकली. मुनीराच्या किल्लीचं त्याने नावही काढलं नाही.

"सासऱ्यांची नाही देणार."

"ते लंडनला आहेत. त्यांना कोण सांगतंय?"

"एजन्सी," जर्राह म्हणाला आणि डोळे चोळत घरात गेला.