इंदूकाकूंच्या पोर्चमधल्या दोन खुर्च्या

आज पहिल्यांदा इंदूकाकूंच्या घरात गेलो.

काकू नव्हत्या.

क्रेमेटोरियममधून सगळे त्यांच्या लीड्सच्या घरी परतले, तेव्हा मी सवयीने दारातच थांबलो. त्यांचा मुलगा निखिल म्हणाला, "कम इन यार, भिजतोस कशाला?"

दमलोय. नॉटिंगहॅमच्या ट्रेनमध्ये बसून लिहितोय, चुका पोटात घाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं घर पुण्यातलं, आणि आम्ही मॉर्मन, म्हणजे ख्रिश्चनांमधला एक पंथ. हो, पुण्यात मॉर्मन असतात. एकोणिसाव्या वर्षी मी दोन वर्षांसाठी मिशनरी म्हणून इंग्लंडला आलो. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळा बिल्ला: एल्डर साळवे. आमच्यात मिशनऱ्याला एल्डरच म्हणतात, मग त्याला धड मिसरूड फुटलेलं नसलं तरी.

काम काय, तर जोडीने दारोदार फिरायचं आणि दारं बंद होताना बघायची. माझा जोडीदार एल्डर हॅन्सन, अमेरिकेतला. कधीही न वैतागणारा.

त्याचाच मला जास्त वैताग यायचा.

काकूंची बेल अशीच वाजवली. त्यांनी बिल्ला वाचला.

"साळवे? मराठी का रे? इतक्या पावसात काय करून राहिला? ये, आत ये."

काकू मूळच्या नागपूरच्या, रिटायर्ड मिडवाइफ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आता आमचा नियम असा, की बाई घरात एकटी असेल तर आत जायचं नाही. मी गडबडलो आणि विचारलं, "काकू, घरात आणखी कोणी आहे का?"

"का? चोरी करायची आहे?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसाबसा नियम सांगितला. काकू आत गेल्या आणि दोन घडीच्या खुर्च्या घेऊन आल्या. त्या पोर्चमध्ये मांडल्या. स्वतः उंबऱ्याच्या आत स्टुलावर बसल्या.

"चहा टाकते."

"काकू, आम्हाला चहा चालत नाही."

"कॉफी?"

"तीही नाही."

"मग धर्म काय नुसत्या पाण्यावर सांगता?"

शेवटी सुंठ घालून गरम दूध आलं. पुढचे सात महिने दर गुरुवारी तेच. हॅन्सन सावकाश इंग्रजीत धडा सांगायचा, काकू मेथी निवडत ऐकायच्या. सगळं ऐकून झालं की म्हणायच्या, "व्हेरी नाइस. नो."

नोव्हेंबरात माझा धीर सुटला. बुटाला भोक, आईशी वर्षातून दोनदा फोन, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपण कुणालाच नको असणं. हॅन्सनला कळू नये म्हणून मराठीत सांगून टाकलं.

"काकू, मी घरी जातो. मला नाही जमत."

"जा ना," काकू म्हणाल्या. "मी तर इथे आली तेव्हा वर्षभर दर रविवारी बॅग भरायची. सोमवारी ड्यूटी असायची, म्हणून परत रिकामी करायची."

मग माझ्या वाटीत आणखी शंकरपाळे घातले. "पुढच्या गुरुवारी भरीत करणार होती. तू नसला तर या हॅन्सनला घालते."

मी थांबलो. श्रद्धेमुळे थांबलो असं चर्चमध्ये सांगतो. खरं कारण ते भरीत.

मग माझी दुसऱ्या गावी बदली झाली. शेवटच्या गुरुवारी मी काकूंना आमच्यातली एक गोष्ट सांगितली. माणूस गेल्यावरही त्याच्या नावाने कोणीतरी जिवंत माणूस बाप्तिस्मा घेऊ शकतो, फक्त गेलेल्याचं नाव चर्चकडे द्यायचं. म्हणजे पुढे तिकडे सगळे एकत्र.

काकूंनी मेथी बाजूला ठेवली.

"म्हणजे मेल्यावर पण सुटका नाही?"

"नको असेल तर तिकडे नाही म्हणता येतं, काकू."

"सात महिने नाहीच म्हणून राहिली ना मी? तिकडे पण तेच करू? मला माझ्या माणसाकडे जायचंय, तो असेल तिथे. माझं नाव देऊ नको. शब्द दे."

दिला.

"मग आपण भेटणार कसे?" असं विचारताना मला रडू फुटलं. वीस वर्षांचा घोडा, टाय लावलेला.

"तू ये की. पत्ता माहीत आहे तुला."

पुढे शिकायला परत आलो, नॉटिंगहॅमला नोकरी लागली. महिन्या-दोन महिन्यांनी लीड्सला चक्कर व्हायची. मिशन संपलं होतं, आता मला तो नियम नव्हता, तरी आम्ही बाहेरच बसायचो. "आत पसारा आहे रे," म्हणायच्या.

आज पाहिलं. काही पसारा नव्हता.

निखिल इथेच जन्मलेला, मराठी मोडकंतोडकं, लंडनजवळ पिनरला राहतो. सगळे गेल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई मला सांगितली होती, तुमच्या चर्चमध्ये नंतर पण बाप्तिस्मा करतात. घरच्यांची परमिशन लागते ना? तुला पाहिजे तर कर. आय डोन्ट माइंड. आईला तू खूप आवडायची."

तुमच्यापैकी काहींना हे सगळं खुळचटपणाचं वाटेल. मला नाही वाटत. मी मानतो हे, अजूनही, थकूनभागून का होईना. निखिलने हो म्हटलं की नाव देता येतं. आणि नाही दिलं तर काकू मला परत दिसतील की नाही, मला खरंच माहीत नाही. त्याची भीती वाटते.

"नको," म्हणालो. "शब्द दिलाय."

निखिलने खांदे उडवले आणि कप विसळायला गेला.

निघताना पोर्चमधल्या खुर्चीवर पाच मिनिटं बसलो. ओली होती.

इंदूकाकू, हा शेवटचा नमस्कार.

तुमचं नाव दिलेलं नाही. देणारही नाही.

मीच येईन. आत नाही घेतलंत तरी चालेल, बाहेर एक खुर्ची टाकून ठेवा.