गणवेशाची गडद पट्टी

वडील जाऊन आठ महिने झाले. गंगाखेडमधलं त्यांचं शिलाईचं दुकान मी अजून उघडलेलं नाही. त्यांची शेवटची दिवाळी मात्र लिहून ठेवावीशी वाटते.

त्या वर्षी कापडावरचा कर वाढला आणि पाऊसही थांबेना. सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले. एरवी दिवाळीत वडिलांना जेवायला उसंत नसे. त्या दिवाळीत नवं कापड घेऊन कुणी आलंच नाही. लोक जुनेच कपडे मोठे करायला आणत. मुलांचे कपडे शिवताना वडील चार बोटं कापड आत दुमडून ठेवत, ते आता कामी येत होतं.

मी सुट्टीवर आले होते. सुईत दोरा ओवून देणं एवढंच माझं काम, कारण त्यांना जवळचं नीट दिसत नसे. एका दुपारी मेंढ्या राखणारी एक बाई नववीतल्या मुलीला घेऊन आली.

"मामा, हिचा साळंचा ड्रेस तेवढा वाढवून द्या. मेंढ्यांचे खूर सडलेत पावसानं. नवं कुठून घेऊ? दुकानवाला म्हनायलाय, टॅक्स वाढला."

"पोरगी वाढली, पाणी वाढलं, टॅक्स वाढला. तुझं काय वाढलं गं?"

"माझी बडबड! घरचे म्हनत्यात."

वडिलांनी दुमड उसवली, टीप मारली आणि कुडता मुलीसमोर धरला. सगळं कापड उन्हानं विटलेलं, खाली मात्र नव्यासारखी गडद निळी पट्टी. मुलीचा चेहरा उतरला.

"मी न्हाई जाणार साळंला. पोरी हसत्यात."

"मग ये मेंढ्यामागं," तिची आई म्हणाली. ती चिडलेली नव्हती, थकलेली होती.

वडील बराच वेळ कापड चाचपत राहिले. मग त्यांनी सलवार मागून घेतली. नाडीच्या नेफ्याच्या आतल्या पदराला कधी ऊन लागलेलं नव्हतं, तो अजून तसाच गडद निळा होता. तो त्यांनी कापून काढला आणि त्या जागी जुन्या चादरीचा तुकडा लावला. निघालेल्या कापडाच्या बारीक पट्ट्या बाह्यांना आणि गळ्याला बसवल्या. आता खालची पट्टी मुद्दाम लावल्यासारखी दिसायला लागली.

मुलगी आरशासमोर पुन्हापुन्हा वळून बघत राहिली.

"जाशील ना?" वडिलांनी विचारलं.

ती फक्त मान हलवून हसली.

सोमवारी शाळा उघडली. हाताशी काम नसतानाही वडील सकाळीच दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले, मीही शेजारी बसले. मुलींचा घोळका समोरून गेला. ती मधोमध होती, कसलीशी गोष्ट हातवारे करून सांगत. तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही.

मला जरा वाईट वाटलं. वडिलांचा चेहरा मात्र उजळला होता.

"बघ," ते हळूच म्हणाले, "अंगावर काय हाय, याचं तिला भानच न्हाई."

घोळका वळणाआड जाईपर्यंत ते तिकडेच बघत होते.